एका गोळीचे आठ महिने

मे १९७९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘सेलाक्रिन’ या रक्तदाबावरील गोळीला परवानगी दिली. त्या काळी सर्रास दिल्या जाणाऱ्या थायाझाइड वर्गातील मूत्रल औषधांमुळे रक्तातले युरिक ॲसिड वाढे आणि काही रुग्णांना गाऊटचा त्रास होई. सेलाक्रिनमधले टायक्रिनाफेन हे द्रव्यही मूत्रलच होते, पण ते युरिक ॲसिड कमी करी. फ्रान्समध्ये ते टिएनिलिक ॲसिड या नावाने आधीपासून वापरात होते. स्मिथक्लाइन कंपनीने ते अमेरिकेत आणले, तेव्हा डॉक्टरांनी त्याचे स्वागत केले यात नवल नाही.

काही महिन्यांतच ही गोळी घेणाऱ्यांना कावीळ होऊ लागली. काहींचे यकृत निकामी झाले. जानेवारी १९८०मध्ये औषध बाजारातून मागे घेण्यात आले. त्याच्याशी जोडल्या गेलेल्या मृत्यूंची संख्या पुढे ३६ झाली.

हा धोका आधी का दिसला नाही? याचे एक उत्तर साध्या गणितात आहे. पाच हजारांत एखाद्यालाच होणारा अपाय हजार जणांच्या चाचणीत बहुधा एकदाही दिसत नाही. औषध बाजारात आल्यावरच तो उघड होतो, आणि म्हणून सुरुवातीची प्रत्येक तक्रार मोलाची असते.

दुसरे उत्तर मात्र गणितातले नव्हे. यकृताच्या अपायाच्या बातम्या कंपनीपर्यंत पोहोचल्या होत्या. त्या तिने वेळेवर प्रशासनाला कळवल्या नाहीत. औषधाचा आणि यकृताच्या विकाराचा कार्यकारणसंबंध ज्ञात नाही, असे विधान माहितीपत्रकात छापले गेले. डिसेंबर १९८४मध्ये कंपनीने न्यायालयात ३४ आरोपांत गुन्हा कबूल केला. त्यांपैकी १४ माहिती न कळवल्याचे, तर २० दिशाभूल करणाऱ्या माहितीपत्रकाचे होते.

यकृताच्या पेशींत नेमके काय घडत होते, याचा उलगडा फ्रान्समध्ये झाला. १९८७मध्ये फिलिप बोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे यकृतातल्याच एका एन्झाइमला लक्ष्य करतात. हे एन्झाइम सायटोक्रोम पी-४५० कुटुंबातले. औषधाचे विघटन तेच करते; पण त्या क्रियेत तयार होणारा अतिक्रियाशील पदार्थ त्यालाच चिकटतो. असे बदललेले एन्झाइम रोगप्रतिकारशक्तीला परके वाटते, आणि काही मोजक्या माणसांत ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, असे या विकाराचे स्पष्टीकरण दिले जाते. फ्रान्समध्येही १९९१मध्ये हे औषध बंद झाले.

या इतिहासावरून रक्तदाबाची गोळी भीतीने सोडून देणे हा चुकीचा धडा ठरेल. अनियंत्रित रक्तदाब हृदयाला, मेंदूला आणि मूत्रपिंडांना इजा करतो. त्यापुढे यकृताचा हा विरळा अपाय फार लहान आहे. पण नवी गोळी सुरू झाल्यावर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर डॉक्टरांना लगेच सांगावे आणि डॉक्टरांनी ते नोंदवावे. भारतात २०१०पासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. रुग्णही तेथे तक्रार नोंदवू शकतात. सेलाक्रिनच्या बाबतीत धोक्याची सूचना मिळाली होती. ती पुढे गेली नाही, म्हणून किंमत रुग्णांना मोजावी लागली.