कूटबद्ध जोडणी (डेटाबेस सर्व्हरशी)

कूटबद्ध जोडणी, डेटाबेस सर्व्हरशी : एखादा प्रोग्रॅम आणि डेटाबेस सर्व्हर यांच्यात ये-जा करणारी माहिती वाटेत कोणी वाचू नये, बदलू नये, आणि पलीकडचा सर्व्हर खराच आहे याची खात्री व्हावी यासाठी केलेली जोडणी. आज हे काम टीएलएस या प्रोटोकॉलने होते. त्याच्या पूर्वावताराचे एसएसएल हे नाव अजून बोलण्यात आणि सेटिंगांत टिकून आहे. जुन्या पत्रव्यवहारात लाखोटा मजकूर झाकत असे आणि अखेरीस उठवलेल्या मोर्तबामुळे पुढे कोणाला ओळ वाढवता येत नसे. टीएलएस ही दोन्ही कामे करतो, शिवाय पत्र ज्याच्या हाती द्यायचे तो माणूस तोच आहे का, हे आधी तपासतो. हे तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच अनेक ठिकाणी बंद ठेवलेले आढळते.

उदाहरणार्थ, पेडगाव (ता. परभणी) येथील शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असेल, तर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक निवडून 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काढता येतो. ही सोय 1 मे 2018 रोजी सुरू झाली. राज्यातील सातबाऱ्याच्या संगणकीकरणाचे आणि ई-फेरफारचे काम पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयातून चालते. जी नोंद पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात बांधलेली असे, ती आता तारेवरून प्रवास करते. अशा कोणत्याही व्यवस्थेत हा प्रवास दोन टप्प्यांचा असतो : ब्राउझरपासून वेबसर्व्हरपर्यंत, आणि तेथून डेटाबेसपर्यंत. ब्राउझरमधले कुलपाचे चिन्ह फक्त पहिल्या टप्प्याची ग्वाही देते. उताऱ्यावरची डिजिटल स्वाक्षरी कागदाचा खरेपणा सांगते, वाटेबद्दल काहीच सांगत नाही. दुसरा टप्पा शेतकऱ्याला दिसत नाही. त्यामुळे तो सांभाळण्याची सगळी जबाबदारी सर्व्हर चालवणाऱ्यावर येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या 2023 च्या कायद्यानेही पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

एसएसएल नेटस्केप कंपनीत जन्मला. टीएलएसची पहिली आवृत्ती 1999 मध्ये, 1.2 ही 2008 मध्ये आणि 1.3 ही 2018 मध्ये आली. 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या 2021 मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या.

उभारणी. पोस्टग्रेस या डेटाबेसचे उदाहरण घेतले तर सर्व्हरला दोन फायली लागतात : सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली. किल्लीची फाइल इतर खात्यांना वाचता येत असेल, तर सर्व्हर सुरूच होत नाही. नवखा माणूस येथे वैतागतो, पण हा नकार योग्यच आहे. कार्यालयांतर्गत वापरासाठी स्वतःची प्रमाणन संस्था उभारून तिचे मूळ प्रमाणपत्र सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक क्लायंटवर ठेवणे हा चांगला मार्ग. प्रमाणपत्रावरचे नाव आणि जोडणीत लिहिलेले नाव एकच हवे. नाव प्रमाणपत्रावर आणि जोडणीत मात्र आयपी पत्ता, ही चूक फार जागी दिसते.

त्यानंतर प्रवेशाच्या नियमांच्या फाइलमध्ये ‘होस्ट’ ऐवजी ‘होस्टएसएसएल’ लिहायचे. येथे एक खाच आहे. नवी ओळ वर लिहिली आणि जुनी ‘होस्ट’ची ओळ खाली तशीच राहिली, तर उघडी जोडणी वरची ओळ ओलांडून खालच्या ओळीने आत शिरते. जुनी ओळ काढल्याशिवाय काम पुरे होत नाही.

क्लायंटच्या बाजूला पोस्टग्रेसचे मूळचे सेटिंग ‘प्रेफर’ असते : जमले तर कूटबद्ध, नाही तर उघडे. नेहमीच्या पद्धतीत क्लायंट आधी विचारतो आणि सर्व्हर एका अक्षराने उत्तर देतो, होकाराला ‘एस’, नकाराला ‘एन’. वाटेत बसलेल्याने ते एक अक्षर ‘एन’ करून पाठवले, की ‘प्रेफर’वरचा प्रोग्रॅम मुकाट्याने पासवर्डासह सगळे काम उघड्यावर सुरू करतो. ‘रिक्वायर’ हा धोका टाळतो, पण मूळ प्रमाणपत्र दिलेले नसेल तर समोर कोण आहे ते पाहत नाही. ‘व्हेरिफाय-फुल’ प्रमाणपत्राची साखळी आणि नाव दोन्ही तपासतो. जमिनीच्या, दवाखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या नोंदींना याखालचे काहीही चालवून घेऊ नये.

मायएसक्यूएलमध्ये याच कामाला ‘व्हेरिफाय-आयडेंटिटी’ हा पर्याय आहे आणि सर्व्हरवर सुरक्षित वहन सक्तीचे करता येते. एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हरने 18 व्या आवृत्तीपासून कूटबद्धता मूळचीच चालू ठेवली. त्यामुळे अपग्रेडनंतर ‘प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही’ अशी चूक येऊ लागली, आणि अनेकांनी ‘सर्व्हर प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा’ हा पर्याय चालू करून ती गप्प केली. संदेश जातो, तपासणीही जाते.

प्रमाणपत्र देणाऱ्यावरही आंधळा विश्वास चालत नाही, हे भारताने जवळून पाहिले आहे. जुलै 2014 मध्ये गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) प्रमाणन संस्थेकडून निघाल्याचे उघड झाले. देशाच्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकांनी त्या संस्थेची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. डेटाबेससाठी यातला धडा सरळ आहे : क्लायंटने जगभरच्या यादीऐवजी आपल्या एकाच मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा.

बिघाड शोधणे. पहिला प्रश्न जोडणी सर्व्हरपर्यंत पोहोचते का, हा. पोस्टग्रेस 5432, मायएसक्यूएल 3306 आणि एसक्यूएल सर्व्हर 1433 या पोर्टवर ऐकतो. फायरवॉलने वाट अडवली असेल, तर प्रमाणपत्रे उलटीसुलटी करून काही साधत नाही. दुसरा प्रश्न तारखेचा. सेवा केंद्रातील जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवर बटणाएवढा 2032 क्रमांकाचा सेल असतो. तो संपला, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि चांगले प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारले जाते. वेबसाइट असो वा थेट डेटाबेसला जोडणारा प्रोग्रॅम, दोन्हीकडे हेच घडते. माणूस ‘सर्व्हर डाउन आहे’ म्हणून हात टेकतो. सेल बदलून तारीख लावली, की काम चालू होते.

मुदत संपणे हे सर्वांत नेहमीचे कारण. पण नवी फाइल जागेवर ठेवूनही जुनीच तारीख दिसत असेल, तर सर्व्हरच्या मेमरीत जुने प्रमाणपत्र आहे असे समजावे आणि त्याला सेटिंगे पुन्हा वाचायला लावावे. ‘स्थानिक जारीकर्ता सापडत नाही’ म्हणजे बहुधा साखळीतले मधले प्रमाणपत्र दिलेले नाही. हस्तांदोलन, म्हणजे टीएलएसची सुरुवातीची बोलणीच, तुटत असेल तर क्लायंटचे वय पाहावे : जावा 7 मूळच्या सेटिंगवर टीएलएस 1.2 बोलतच नाही. तपासणीसाठी ओपनएसएसएल उपयोगी पडते, मात्र त्याला डेटाबेसचा प्रकार सांगावा लागतो, कारण सुरुवातीची विचारणा उघड्यावर होते.

दुरुस्तीनंतर सेटिंगवर न विसंबता चालू जोडणीलाच विचारावे. पोस्टग्रेसमधील ‘पीजी-स्टॅट-एसएसएल’ हे दृश्य प्रत्येक जोडणी कूटबद्ध आहे की नाही आणि टीएलएसची आवृत्ती कोणती, ते दाखवते. मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर, म्हणजे जोडण्या वाटून वापरणारा मध्यस्थ, असेल, तर कूटबद्धता त्याच्यापाशी संपते. त्याच्यापासून सर्व्हरपर्यंतचा तुकडा वेगळा तपासावा लागतो.