गाण्यावरचे बोलणे आणि भातखंडे

मैफल संपते, पानाचे तबक फिरू लागते, आणि मग श्रोत्यांची दुसरी मैफल सुरू होते. कोणी ग्वाल्हेरची अष्टांग गायकी तीच खरी म्हणतो, कोणी जयपूरच्या अनवट रागांसाठी हटून बसतो. आवाज चढतात, पण ‘का आवडले?’ एवढे विचारताच, ते सांगता येत नाही बुवा, असे म्हणून वक्ता मोकळा होतो.

हा ‘का’ मराठीत चिकाटीने विचारला तो पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी. त्यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग १९१० साली निघाला, चौथा १९३२ साली. विषय शास्त्राचा, परंतु मांडणी गुरुशिष्यांच्या गप्पांची. शिष्य शंका काढतो, गुरुजी उत्तर देतात, मध्येच एखाद्या गवयाच्या भेटीची हकीकत सांगू लागतात. गंमत अशी की आधार म्हणून ज्या ‘चतुरपंडिता’ची वचने गुरुजी देतात, तोही भातखंडेच, ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी त्या नावाने लिहिला होता.

भूप आणि देशकार यांचे उदाहरण घ्या. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. मग एक रात्रीचा आणि दुसरा सकाळचा का वाटावा? भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत; भूप पूर्वांगात रमतो, देशकार उत्तरांगात. एवढे उमगल्यावर ‘मला देशकार अधिक रुचतो’ या वाक्याला काही अर्थ येतो, आणि ऐकणाऱ्याला वाद घालण्यास जागाही मिळते.

पेशाने वकील असलेल्या पंडितजींचा स्वभाव मात्र संवादातही सुटला नाही. ‘याला ग्रंथाधार कोणता?’ हा त्यांचा प्रश्न, ज्याची विद्या गळ्यात होती आणि पोथीत नव्हती, त्या उस्तादाला उलटतपासणीसारखा वाटला असल्यास नवल नाही. आम्हांस येथे त्यांचा पक्ष घेता येत नाही. गाऊन दाखविणे हेही उत्तरच असते, आणि पुष्कळदा ते अधिक पुरे असते. दक्षिणेतील बहात्तर मेळांच्या धर्तीवर त्यांनी कल्पिलेल्या दहा थाटांत कित्येक राग आजही अवघडून बसलेले दिसतात.

पण याच गृहस्थाने रामपूरच्या वजीरखाँसारख्यांपुढे शिष्य म्हणून बसण्यात कमीपणा मानला नाही. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत पंडित आणि गवई एका मांडवाखाली आले. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. घराण्यांत जपून ठेवलेल्या शेकडो चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या. ग्रंथाधार विचारल्यावर जी मंडळी गप्प बसली असतील, त्यांच्याही परंपरेतील बंदिशी त्या पानांवरून आज विद्यार्थी गळ्यावर चढवितात.