गाडीच्या एसीतला ‘गॅस’ संपत नाही, गळतो

उन्हाळ्याची चाहूल लागली, की गाडीच्या एसीची परीक्षा सुरू होते. थंडावा कमी वाटला, की गॅरेजमध्ये ठरलेले वाक्य ऐकू येते, ‘गॅस संपलाय, भरून टाकू.’ पेट्रोलप्रमाणे हा वायूही वापराने संपत असावा, असे समजून वाहनधारक पैसे मोजून मोकळा होतो. ही समजूतच चुकीची आहे.

एसीतील वायू बंदिस्त चक्रात फिरतो. काँप्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये उष्णता बाहेर टाकून तो द्रवरूप होतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायुरूप होताना केबिनमधील उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्या व जोडांतून वर्षानुवर्षे किंचित वायू झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात तो भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे, हे निश्चित.

आधी हे तपासा

थंडावा कमी होण्याचे कारण दर वेळी गॅसच असते, असे नाही. हवेचा झोतच मंद असेल, तर केबिन फिल्टर धुळीने तुंबलेला असू शकतो. गाडी धावताना गारवा आणि सिग्नलला थांबताच उकाडा, असे होत असेल, तर कंडेन्सरचा पंखा तपासावा. जोडांवर तेलकट डाग दिसल्यास मात्र गळतीची शंका घ्यावी. कारण वायूबरोबर काँप्रेसरचे तेलही बाहेर येते. एसी चालू असताना गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे. ते हवेतील बाष्प असते.

योग्य पद्धत कोणती?

प्रथम उरलेला वायू यंत्राने काढून घ्यावा. गळती शोधून जोडाची रबरी रिंग, नळी किंवा सदोष भाग बदलावा. त्यानंतर सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम करून आतील हवा व ओलावा काढावा आणि मगच वायू वजन करून भरावा. त्याचे प्रमाण बहुधा बॉनेटखालील स्टिकरवर ग्रॅममध्ये दिलेले असते. जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा नव्हे. दाब वाढून थंडावा घटतो आणि काँप्रेसरवर ताण येतो. उलट गॅस कमी असताना तेल नीट फिरत नाही व काँप्रेसर निकामी होऊ शकतो.

वायूचा प्रकारही महत्त्वाचा. ओझोनच्या थराला घातक ठरलेला आर-१२ हा वायू १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही. पण तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक भर घालतो. अनेक नव्या मोटारींत आर-१२३४वायएफ असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे. हे वायू एकमेकांत मिसळू नयेत. नळी घरी सैल करून पाहण्याचा मोह तर टाळावाच. उसळून बाहेर येणाऱ्या अतिथंड वायूने त्वचा व डोळ्यांना इजा होते.

हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. त्यामुळे तेल फिरते आणि सील कोरडे पडत नाहीत. पुढच्या वेळी कुणी ‘गॅस भरू’ म्हणाले, तर आधी एकच प्रश्न विचारा, ‘गळती कुठे आहे?’ उत्तर मिळेपर्यंत पाकीट खिशातच असू द्या.