छावणीतले गवत आणि गडावरचा केर

कामाच्या ठिकाणची नासाडी थांबवायची म्हटले की आपल्याकडे परिपत्रक निघते. कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्यात, खोलीबाहेर पडताना पंखे-दिवे बंद करावेत, पाण्याचे नळ तपासावेत. आम्ही अध्यापक मंडळी अशा परिपत्रकांवर वर्षानुवर्षे सह्या करीत आलो आहोत. त्यांतली एकही सूचना चुकीची नसते. मात्र वाया गेलेल्या वस्तूची किंमत अखेर कोणाच्या घरातून वसूल होते, हा प्रश्न त्यांत बहुधा नसतो. मराठी गद्यात तो प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारला गेला आहे, आणि तोही एका लष्करी छावणीच्या कारभाऱ्यांना.

राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले हे पत्र. रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून ते व्यासपीठांवरून नेहमी सांगितले जाते. कळवळा त्यात आहेच. पण पत्र मुळात कोठीच्या हिशेबाचे आहे, आणि कळवळा त्या हिशेबातून निघालेला आहे. भाषणांत नेमका हिशेबच गळतो, म्हणून तो येथे थोडा सविस्तर पाहू.

परिस्थिती अशी होती. लष्कराचा तळ चिपळुणास पडला. दाभोळच्या सुभ्यात पागांसाठी पावसाळ्याची म्हणून जी बेगमी केली होती, तिचा बराचसा भाग या तळाने खाऊन टाकला. वैशाखाचे वीस दिवस अजून शिल्लक, पावसाळा पुढे उभा. मग गडोगडीचा गल्ला आणि कारकुनांकडे असेल ते एकत्र करून कशीबशी नवी बेगमी झाली. याचा अर्थ एवढाच की, पत्र लिहिले गेले तेव्हा कोठी एकदा रिती होऊन दुसऱ्यांदा भरली होती. तिसऱ्यांदा भरणे शक्य नव्हते. कोकणातल्या पावसात चार महिने बाहेरून काही येण्याची आशा नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? आज ढीग दिसतो आहे, म्हणून आज हात सैल सोडतो. पत्राने नेमके येथे बोट ठेवले आहे. आहे तोवर घोड्यांना मनमुराद चाराल, भर पावसात कोठी संपेल, घोडी उपाशी मरू लागतील. आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. बहुतेक काटकसरीच्या सूचना येथे थांबतात. महाराजांचे पत्र थांबत नाही. कोठी संपली की तुम्ही मुलखाला उपद्रव देऊ लागाल, असे ते पुढे सांगते. कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला. जे कुणबी कसेबसे जीव धरून घरात राहिले आहेत, तेही मग निघून जातील, कित्येक उपासमारीने मरतील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यांना वाटेल. म्हणून रोजचा शिधा मोजून घ्यावा आणि जे हवे ते पदरच्या पैशाने बाजारातून विकत आणावे. त्यासाठी खजिन्यातून वाटणी दिलेलीच आहे.

वैशाखात उधळलेली एक पाटी चंदी आणि श्रावणात कुणब्याच्या घरातून उचललेली भाकरी यांच्यामध्ये तीन महिन्यांचे आणि काही कोसांचे अंतर आहे. उधळणाऱ्याला ती भाकरी दिसत नाही. पत्र लिहिणाऱ्याला ती दिसत होती.

येथे पागेची व्यवस्थाही ध्यानात घेतली पाहिजे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. पागेतल्या बारगिराचा घोडा सरकारचा असे. स्वतःचा घोडा उपाशी मरतो आहे हे शिलेदाराला कोणी कळवावे लागत नाही. सरकारी घोडा, सरकारी चंदी, सरकारी गवत यांचे मात्र तसे नव्हते. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, ही वृत्ती आपल्या कचेऱ्यांना इंग्रजांनी शिकविली असे मानण्याची आपली जुनी सवय आहे. पागेचे हे पत्र तिला फारसा आधार देत नाही.

पत्राचा उत्तरार्ध आगीविषयी आहे, आणि आम्हांला तो अधिक आवडतो. भलत्या जागी चुली मांडल्या जातील, गवताजवळ बसून कोणी चिलीम ओढील, रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एक खण पेटला की सगळे खण जातील, गवताच्या गंज्या जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही धाक घातला, तरी नवा खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही. शिक्षेने नासाडी भरून येत नाही, हे राजाने स्वतःच्या शिक्षेच्या अधिकाराविषयी लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे. उपाय तेवढाच व्यवहारी: अधिकाऱ्यांनी स्वतः फेऱ्या माराव्यात, दिवे विझले की नाही ते पाहावे.

जाता जाता एक विरोध नोंदवावासा वाटतो. विसाव्या शतकात टोयोटाच्या ताइची ओनो यांनी कारखान्यातल्या नासाडीचे सात प्रकार सांगितले. जपानी भाषेत नासाडीला ‘मुदा’ म्हणतात. त्या सातांत गरजेपेक्षा अधिक साठा हाही एक प्रकार आहे. पुढचा माल वेळेवर येईल याची हमी असणाऱ्या व्यवस्थेला ते शोभते. चिपळूणच्या पागेला साठा हाच जीव होता. कशाला नासाडी म्हणायचे, हे पुढची गाडी कधी येणार यावर अवलंबून असते. व्यवस्थापनाच्या वर्गात हे सांगितले जात असेल तर उत्तमच.

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (१७१६) हीच दृष्टी गडावर नेते. तेथे सूचना बारीक आहेत. दारू आणि बाण आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून उन्हे दाखवावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. एका झऱ्यावर विसंबू नये. तळ्या-टाक्यांचे पाणी राखीव ठेवावे. वाटांवर, बाजारात, तटावर केर पडू देऊ नये. झाडलेला केर गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा, राख परसांत टाकावी आणि तिच्यावर घरोघरी भाजीपाला करावा. आरमारासाठी लाकूड तोडतानाही आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. सरकारची गरज कितीही मोठी असली, तरी दुसऱ्याच्या दारचे झाड फुकट नाही.

या दोन्ही लेखांना एक मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. दोन्ही वरून खाली लिहिलेले आहेत. ज्या कुणब्याच्या भाकरीची चिंता चिपळूणच्या पत्रात आहे, त्याचा स्वतःचा एकही शब्द त्यात नाही. तो पावसाळा त्याला कसा गेला, हे सांगणारा कागद त्या पत्राला जोडलेला नाही. ‘आज्ञापत्रा’तही केर झाडवून घ्यावा असे आहे. प्रत्यक्ष झाडणारे हात कोणाचे, आणि राखेवर पिकलेल्या भाजीतली एखादी जुडी त्यांच्या घरी जात होती की नाही, याविषयी अमात्यांनी काही लिहिलेले नाही.