गिरणीतली दुखापत आणि 1884 चा अर्ज

जुन्नरहून नाणेघाटाकडे निघालात की घाटमाथ्यावर घाटघर लागतं. पुढं घाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी व्यापाऱ्यांची जकात त्यात पडत असे, असं लोक सांगतात. मालाचा हिशेब असा जुना आहे. तो वाहणाऱ्या माणसाच्या हातापायांचा हिशेब मात्र फार उशिरा सुरू झाला.

मुंबईत 1854 साली कावसजी दावर यांनी पहिली कापसाची गिरणी काढायला घेतली. पुढं गिरण्या वाढल्या, तशी कोकणातली आणि पुणे-साताऱ्याकडची घाटावरची माणसं तिथं कामाला लागली. फिरत्या पट्ट्यात धोतराचा सोगा अडकला तर माणूसच ओढला जायचा. 1881 साली पहिला कारखाना कायदा झाला. यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घाला, सात वर्षांखालचं मूल कामाला लावू नका, असं त्यात होतं. यामागं नुसती दया नव्हती बरं का! मुंबईचा स्वस्त माल लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना काचू लागला होता. ते असो. चक्राला कुंपण मिळालं, पण हात गेलाच तर कामगाराला भरपाईचा हक्क नव्हता.

हे मागणं मांडलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते गिरणीत नोकरी केलेले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार हे तर त्यात होतंच. शिवाय दुखापत झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी आणि जन्माचा अधू झालेल्याच्या निर्वाहाची सोय, हेही होतं.

रविवारची सुटी 1890 साली मिळाली. अर्ध्या तासाचा विसावा 1891 च्या कायद्यात आला. दुखापतीचं कलम मात्र राहिलं. लोखंडे 1897 साली प्लेगमध्ये वारले. त्याच वर्षी इंग्लंडात भरपाईचा कायदा झाला. आपल्याकडे तो व्हायला 1923 उजाडलं आणि अंमल सुरू झाला 1 जुलै 1924 ला. म्हणजे अर्जानंतर 40 वर्षांनी. एवढ्या काळात ज्याचा हात गेला, त्यानं गावी परतून भाऊबंदांच्या भाकरीवरच दिवस काढायचे.

या कायद्यानं धंद्यातून जडणारे काही रोगही भरपाईला पात्र धरले. शिशाची विषबाधा त्यात होती, फॉस्फरसची होती. कापसाच्या तुसानं ज्यांची छाती भरून येई, त्यांचा रोग त्या पहिल्या यादीत नव्हता.