माथेरानच्या इंजिनाची सैल चाके

इंजिन दुरुस्तीला उघडले की मेस्त्री आधी सैलपणा तपासतो. शर्यतीच्या मोटारीत क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात साधारण ०.०५ मिलिमीटर फट लागते, आपल्या केसाच्या जाडीएवढी. ती कमी पडली तर तेलाचा थर टिकत नाही. वाढली तर तेलाचा दाब उतरतो आणि शाफ्ट आपटू लागतो. म्हणून क्रँककेसमधले प्रत्येक भोक उभे आणि आडवे असे दोनदा मोजतात. मापे वेगळी आली की भोक झिजून लंबगोल झाले असे समजायचे.

आपल्या कर्जत तालुक्यात मात्र अशी चार इंजिने धावत होती, की ज्यांत सैलपणा मुद्दाम ठेवलेला होता, आणि तोही चांगला ढळढळीत!

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. पीरभॉय कुटुंबाने तिच्यावर सुमारे १६ लाख रुपये खर्च केले. रुळांतले अंतर दोन फूट, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि सर्वांत अवघड वळणांची त्रिज्या ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर. चढासाठी सर्व चाकांना जोर हवा, म्हणून तीन आसांची सहाही चाके दांड्यांनी जोडलेली. पण जोडलेले आस एकमेकांना समांतरच राहणार. मग वळायचे कसे?

विद्यार्थ्यांना हे गणित घालून पाहावे. समजा, पहिल्या व तिसऱ्या आसात दोन मीटर अंतर आहे. जीवेचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे ४ भागिले १४४. उत्तर सुमारे २८ मिलिमीटर. रूळ मधल्या आसापाशी इतका बाहेर फुगलेला असतो. चाकाची कडा आणि रूळ यांच्यातल्या फटीत थोडे निभावेल, सगळे नाही.

जर्मनीच्या ओरेनश्टाइन अँड कोपेल कंपनीने बांधलेल्या या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. टोकाच्या दोन्ही आसांवर एक पोकळ नळी, आणि चाके त्या नळीला बसवलेली. आतला भरीव आस समांतर राहून दांड्यांबरोबर फिरे. त्याच्या मध्यावर एक गोळा, गोळ्यातून आडवी पिन. तिच्यामार्फत फिरण्याचा जोर नळीला मिळे. नळी मात्र गोळ्याभोवती कलू शके आणि बाजूला सरकू शके. आम्हाला ही युक्ती फार आवडते.

आता दुरुस्ती करणाऱ्याची अडचण पाहा. इतर इंजिनाचे चाक हाताने हलले तर झीज झाली म्हणता येते. इथे ते हललेच पाहिजे! गोळा किंवा पिन झिजली आहे की नाही, हे नुसत्या हलण्यावरून कळणार नाही. आस सोडवून मूळ मापाशी ताडून पाहावे लागणार. चाकांच्या कडांचेही तेच. तीव्र वळणावर त्या रुळाला घासून पातळ होतात, आणि पातळ कडेचे चाक रुळावरून उतरण्याचा धोका वाढतो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना हा हिशेब अंदाजाने सोडून चालत नाही.

वाफेची ही इंजिने १९८२ पर्यंत चालली. त्यांतले एक नेरळला मांडून ठेवले आहे. सहल नेलीत तर मुलांना खाली वाकून पाहायला सांगा: चाके चौकटीच्या आत आहेत आणि दांडे बाहेर. पोकळ नळी मात्र त्यांना चित्र काढूनच समजवावी लागेल.