टपालाचे पाठ आणि वेळापत्रकांतील एक तास

टपालानें शिकविण्याची रीत इंग्लंडांत आयझॅक पिटमन यांनीं १८४० सालीं रूढ केली. ते लघुलेखनाचे पाठ पेनी टपालानें धाडीत व विद्यार्थ्यांचे कागद तपासून परत करीत. अमेरिकेंत स्क्रँटन येथील टॉमस फॉस्टर यांनीं १८९१ पासून खाणकामगारांस असेच पाठ पुरविले. हे शिकणारे मुख्यतः प्रौढ होते. सरकारी हायस्कुलांतील मुलांपर्यंत ही रीत कशी पोंचली, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचें उत्तर छापील पाठांपेक्षां शाळेच्या वेळापत्रकांत अधिक सांपडतें.

मिशिगन संस्थानांतील बेंटन हार्बर या गांवीं १९२३ सालीं शाळांचे अधीक्षक सिडनी मिचेल यांजपुढें एक साधी अडचण होती. धंदेशिक्षण मागणारीं मुलें थोडीं, धंदे मात्र अनेक. प्रत्येक धंद्यास स्वतंत्र शिक्षक नेमणें गांवाच्या ऐपतीबाहेरचें. त्यांनीं पत्रशाळांचे पाठ आणविले. परंतु ते मुलांच्या घरीं न धाडतां शाळेच्याच वेळापत्रकांत त्यांस एक तास नेमून दिला, त्या तासास देखरेख करणारा शिक्षक बसविला, आणि पुऱ्या झालेल्या अभ्यासाचें श्रेय शाळेच्या हिशेबांत धरलें. त्या शिक्षकास तो विषय येत असलाच पाहिजे, असें नव्हतें. काम पुरें होतें कीं नाहीं व वेळेवर टपालांत पडतें कीं नाहीं, हें पाहणें एवढेंच त्याचें कर्तव्य!

हें कर्तव्य क्षुल्लक मानूं नये. जॉन नॉफ्सिंगर यांनीं १९२६ सालीं पत्रशाळांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावरून असें दिसतें कीं, नांव नोंदविणारांपैकीं बहुतेक जण अभ्यासक्रम अर्ध्यावरच सोडीत. एकट्यानें शिकणाराची ही जुनी व्यथा आहे. मिचेल यांच्या योजनेचें खरें नावीन्य म्हणून त्या देखरेखीच्या तासांत आहे. आमच्या मतें इतिहासकारांनीं त्याकडे पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं.

१९२९ सालीं नेब्रास्का विद्यापीठानें हाच मार्ग धरला. त्या विरळ वस्तीच्या संस्थानांत दोनचार शिक्षकांवर चालणारीं हायस्कुलें पुष्कळ होतीं. तेथें प्रत्येक विषयास जाणता शिक्षक मिळणें कठीण. पाठ रचणें व उत्तरें तपासणें हें काम लिंकन येथील विद्यापीठाकडे, जागा, वेळ व देखरेख स्थानिक शाळेकडे, अशी वांटणी झाली. लवकरच मंदी व अवर्षण यांनीं तो प्रदेश गांजला, आणि नवा शिक्षक नेमणें शाळांस अधिकच अवघड झालें.

२०२० सालीं साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां पाठ टपालाच्या कितीतरी पट वेगानें घरोघर पोंचले. देखरेखीचा तास मात्र शाळेच्या इमारतींतच राहिला.

संग्राहकांस एक विनंति. छापील पाठपुस्तिका सुबक असते, म्हणून ती जपली जाते. तांबड्या शाईनें तपासलेला स्वाध्याय रद्दींत जातो. जुन्या दप्तरांतील पत्रांवर रवानगीची व पोंचल्याची मिति पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांनीं या स्वाध्यायांवरील तारखाही तशाच पाहाव्या. उत्तर लिहिलें केव्हां, तपासून परत आलें केव्हां, आणि मधल्या दिवसांत मुलानें पुढचा पाठ हातीं घेतला कीं नाहीं, हें त्याच कागदांवरून कळतें.